सोलापूरच्या हिवाळ्यात नाजूक परदेशी झाडे कशी जगवावीत

सोलापूरचा उन्हाळा झाडांना भाजून काढतो हे सर्वांना ठाऊक असते आणि म्हणून शिमगा सरण्याआधीच गच्चीवर हिरवी जाळी चढते, कुंड्या सावलीला सरकतात, पाण्याच्या वेळा बदलतात. हिवाळ्याबाबत मात्र आपण निर्धास्त असतो. डिसेंबर-जानेवारीतही दुपारचा पारा २९-३० अंशांपर्यंत जातो आणि स्वेटर पहाटेपुरताच लागतो. तेव्हा झाडांना कसली आली थंडी, असा आपला समज असतो. तरीही हौसेने आणलेली अ‍ॅग्लोनेमा, कॅलाथिया, अँथुरियम, अलोकेशिया, कॅलेडियम यांसारखी शोभेची झाडे दिवाळी ते महाशिवरात्र याच काळात पाने टाकतात, बुडाशी मऊ पडतात आणि फेब्रुवारीत पुष्कळ घरांतून नुसत्या कुंड्या उरतात.

या मरणाचे खापर थंडीवर फोडले जाते, पण थंडीचा वाटा त्यात अर्धाच असतो. आपल्याकडे झाड दगावते ते बहुधा गार रात्री मुळाशी साचलेल्या ओलीने, आणि ओलीतून जे वाचते त्याची पाने दुपारच्या कोरड्या वाऱ्याने करपतात. मुळांना पाणी कमी आणि पानांना हवा दमट, अशा दोन उलट गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. बहुतेकांची गल्लत इथेच होते, कारण पान सुकलेले दिसले की हात आपोआप झारीकडे जातो.

झाडे निवडताना ‘परदेशी’ हा निकष फारसा कामाचा नाही, हेही आधी लक्षात घ्यावे. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली आणि देवळापुढचा चाफा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. दोघेही इथल्या हवेत इतके मुरले आहेत की त्यांना हिवाळ्यात कोणी विचारतही नाही. खरी काळजी लागते ती विषुववृत्ताजवळच्या दमट जंगलांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणाऱ्या झाडांना, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील कॅलाथिया, अँथुरियम, कॅलेडियम आणि आग्नेय आशियातील अ‍ॅग्लोनेमा, अलोकेशिया, फॅलेनॉप्सिस ऑर्किड यांना. डिफेनबेकिया, क्रोटन, फिटोनिया आणि आफ्रिकन व्हायोलेट यांचीही गणना याच गटात करावी. मॉन्स्टेरा, सिंगोनियम, मनीप्लांट ही मंडळी बरीच सोशीक आहेत. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट यांना तर हिवाळ्यात फक्त आपले पाणीच मारू शकते.

पारा नेमका कोठे उतरतो

सोलापूर समुद्रापासून दूर आणि सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते आणि दुपार व पहाट यांच्यात चौदा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. सरासरी किमान तापमान १५ अंशांच्या आसपास राहते, पण थंडीची लाट आली की ते १० अंशांकडे झुकते. दमट जंगलांतल्या या झाडांच्या दृष्टीने धोक्याची रेषा १३ ते १५ अंशांवर आहे. त्याखाली पेशींभोवतीचे पापुद्रे ताठरतात, पेशीतले पाणी बाहेर झिरपू लागते आणि मुळे पाणी शोषण्यात मंद होतात. पाणी गोठण्याशी या इजेचा काही संबंध नसतो आणि ती लगेच दिसतही नाही. गारठ्याची रात्र उलटून दोन-चार दिवस गेले की अ‍ॅग्लोनेमाच्या पानावर गडद, तेलकट, ओलसर डाग उमटतात, आणि तोवर ऊब परतलेली असल्याने माणूस भलतेच कारण शोधत बसतो.

वर्तमानपत्रातला पारा आणि आपल्या कुंडीपाशी असलेला पारा एक नसतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. उघड्या गच्चीवरचे पान मात्र रात्रभर थेट आकाशाकडे उष्णता सोडत राहते, त्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश गार होते. वर नुसता पत्रा, छज्जा किंवा जाळी असली तरी ही गळती बरीच थांबते. त्यातही दाट वस्तीच्या पेठांपेक्षा शहराच्या कडेच्या मोकळ्या वसाहतींत आणि तळ्याकाठच्या सखल भागात पहाट अधिक गार असते. म्हणून दिवसातले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान नोंदवून ठेवणारा आणि आर्द्रताही दाखवणारा छोटा डिजिटल तापमापक घेऊन तो कुंड्यांच्या रांगेतच ठेवावा. दोनतीन रात्री गच्ची, बाल्कनी, जिना, खिडकीची कड अशा जागांवर तो फिरवून पाहिल्यास घराचा स्वतःचा नकाशा हाती येतो आणि पुढचे निर्णय अंदाजाने घ्यावे लागत नाहीत.

जागा बदलणे

ज्या जागी पहाटेचा आकडा १५ च्या खाली जातो तेथून नाजूक कुंड्या कार्तिकी एकादशीच्या सुमारास हलवाव्यात. हुरड्याचे दिवस सुरू होईपर्यंत थांबू नये, कारण तोवर दोनचार गार रात्री होऊन गेलेल्या असतात. घराच्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीला लागून, वर छप्पर असलेली जागा उत्तम. दिवसभर तापलेली भिंत मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहते. जुन्या पेठांतील जाड भिंतींच्या माळवदी घरांत तर आतले तापमान दिवसरात्र फारसे हलत नाही, फक्त उजेडाची वानवा असते. कुंडी थेट फरशीवर न ठेवता विटांवर, लाकडी पाटावर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवावी. शहाबादी आणि कोटा फरशी पहाटे किती गार पडते हे अनवाणी पायांना चांगले कळते; मुळांनाही ती तितकीच लागते.

उन्हाच्या बाबतीत एक गोष्ट हमखास निसटते. सोलापुरात जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा थेट ऊन येत नाही. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तोच सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांपर्यंतच चढतो आणि सात फूट उंचीच्या दारातून ऊन सहा फूट आत शिरते. म्हणजे पावसाळाभर जिथे कॅलाथिया सुखाने नांदली, तिथेच नोव्हेंबरात तिच्या पानांवर भाजल्याचे फिकट चट्टे पडतात. सावलीतल्या झाडांना सकाळी नऊपर्यंतचे ऊन मानवते. त्यानंतरच्या उन्हापुढे पातळ पांढरा पडदा ओढावा किंवा कुंडी खोलीत दोन पावले मागे घ्यावी. उलट अडेनियम, चाफा, निवडुंग आणि युफोर्बिया यांना हेच उतरते ऊन पुरेपूर द्यावे.

जी झाडे मोठी असल्याने हलवता येत नाहीत त्यांच्याभोवती बांबूच्या चार काठ्या रोवून रात्रीपुरते पांघरूण घालावे. सोलापुरात पांघरूण म्हटले की पहिली आठवण चादरीची होते, पण आपली भौगोलिक मानांकन मिळवलेली चादर या कामाला जड पडते. ती दव पिऊन आणखी जड होते आणि कोवळे शेंडे मोडते. जुने सुती लुगडे, विरलेली साडी किंवा दुहेरी शेडनेट पुरेसे आहे, मात्र ते पानांना न टेकता काठ्यांवर ताणलेले असावे आणि ऊन वर आले की काढावे. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचाच असेल तर सकाळी तो उघडण्याची खात्री हवी, कारण उन्हात बंद प्लॅस्टिकखाली तासाभरात भट्टी होते. खोलीत हीटर लावण्याचे कारण नाही. आपल्याकडे तेवढी थंडी नसते आणि हीटरची हवा आधीच्या कोरडेपणात भर घालते.

कुंडी कोणती, यालाही हिवाळ्यात महत्त्व येते. मातीच्या कच्च्या भांड्यातून पाणी झिरपून बाहेर उडून जाते आणि आतले पाणी गार होते, या एका गुणावर आपला माठ चालतो. मातीची कुंडीही कोरड्या वाऱ्यात तेच करते आणि मुळांभोवतीची माती हवेपेक्षा गार ठेवते. उन्हाळ्यात जे वरदान तेच जानेवारीत अ‍ॅग्लोनेमा किंवा अँथुरियमला जाचक होते. ही झाडे हिवाळ्यापुरती प्लॅस्टिकच्या कुंडीत असावीत. अडेनियम आणि निवडुंगांना मात्र मातीचीच कुंडी बरी, कारण त्यांना गारव्यापेक्षा ओलीची बाधा अधिक होते. या सर्व अदलाबदली ऑक्टोबरात उरकाव्यात. थंडीत मुळे उघडी करून कुंडी बदलू नये.

पाणी

शहराला उजनीहून पाणी येते आणि नळ रोज सुटत नाही, त्यामुळे घराघरांत साठवणीची सवय आहे. नव्या पाण्याचा दिवस आला की पिंप, घागरी, बादल्या रिकाम्या करायच्या आणि ‘शिळे’ पाणी कुंड्यांत ओतायचे, ही आपली जुनी रीत. पाणी वाया जाऊ नये ही भावना योग्यच आहे, पण हिवाळ्यात परदेशी झाडे सर्वाधिक याच रीतीने मरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. झाडाला पाणी हवे की नको हे नळाच्या वेळापत्रकावर ठरत नाही. उन्हाळ्यात दोन दिवसांत वाळणारी कुंडी डिसेंबरात, सावलीत, आठ-दहा दिवस ओली राहू शकते. त्या ओल्या, गार, हवा कोंडलेल्या मातीत मुळे गुदमरतात आणि पिथियम, फायटोप्थोरा यांसारख्या कुजव्या रोगांना रान मोकळे मिळते. शिळे पाणी जास्वंद, कडीपत्ता, नारळ, अंगणातली फुलझाडे यांना घालावे. नाजूक कुंड्यांना मात्र त्यांची माती तपासूनच पाणी द्यावे.

तपासण्याची सोपी रीत अशी. अगरबत्ती जळून उरलेली काडी घ्यावी, ती कुंडीच्या कडेने, मुळांना न दुखावता चार बोटे खोल खुपसावी आणि पाच मिनिटांनी बाहेर काढून नीट पाहावी. काडीचा रंग गडद झाला असेल आणि तिला मातीचे कण चिकटले असतील तर पाण्याची गरज नाही. टोकाकडे किंचित ओलसर, पण वरचा भाग कोरडा आणि स्वच्छ असेल तर अ‍ॅग्लोनेमा, कॅलाथिया, अँथुरियम यांना पाणी द्यावे. काडी टोकापर्यंत कोरडी आली तरच डिफेनबेकिया, क्रोटन यांच्याकडे वळावे. वरच्या थराला बोट लावून निर्णय घेऊ नये. सोलापूरच्या वाऱ्यात वरचा थर दोन तासांत पांढरा पडतो आणि खाली चिखल तसाच असतो. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लागली की काडीचीही गरज उरत नाही.

मातीचा दोष असेल तर ही तपासणीही तोकडी पडते. आपली काळी माती ज्वारीला सोन्यासारखी, पण कुंडीत ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि भेगांतून पाणी सरळ खाली निघून जाते. मधला गोळा एकतर कोरडा तरी राहतो किंवा घट्ट ओला. नर्सरीतून येणारी झाडे अनेकदा लाल चिकण मातीच्या गोळ्यात असतात आणि तो गोळा तसाच काळ्या मातीत बसवला तर दोन्ही दोष एकत्र येतात. या झाडांना कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाडी वाळू किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे), कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत आणि थोडे कोळशाचे तुकडे असे भुसभुशीत मिश्रण हवे. हिवाळा सुरू झाल्यावर हे लक्षात आले तर कुंडी उलटवू नये. पाणी निम्म्यावर आणावे, बुडाची भोके मोकळी आहेत ना ते पाहावे, ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे आणि मिश्रण बदलण्याचे काम फेब्रुवारीवर ढकलावे.

पाणी देण्याची वेळ सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान असावी. गच्चीवरच्या टाकीतले पाणी पहाटे चांगलेच गार असते आणि ते थेट मुळांवर पडले की झाडाला धक्का बसतो. आफ्रिकन व्हायोलेटच्या केसाळ पानावर गार पाण्याचे थेंब पडले तरी तिथे पिवळट वलये उठतात. म्हणून बादली भरून घरात ठेवावी आणि खोलीच्या तापमानाचे पाणी वापरावे. या दृष्टीने साठवलेले शिळे पाणी खरोखरच उपयोगाचे आहे. संध्याकाळी पाणी देणे पूर्ण टाळावे, आणि पानांच्या बेचक्यात किंवा ऑर्किडच्या मध्यभागी साचलेले पाणी सूर्यास्तापूर्वी कापसाने टिपून घ्यावे.

बोअरच्या पाण्यावर झाडे असतील तर कुंडीच्या कडांवर पांढरी पुटे चढलेली दिसतील. हे क्षार हिवाळ्यात, पाणी कमी दिले जात असताना, अधिक साठतात आणि कॅलाथियाच्या पानांची टोके तपकिरी करतात. पावसाचे झाकून ठेवलेले पाणी मिळाले तर ते याच झाडांसाठी राखावे. आरओ यंत्रातून वाहून जाणारे पाणी झाडांना घालण्याची पद्धत रूढ होत आहे. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, तेव्हा ते नाजूक कुंड्यांपासून लांब ठेवावे.

खताचा विषय चटकन संपण्यासारखा आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत खत देऊ नये. वाढ थांबलेल्या झाडाला खत दिल्याने ते जोमदार होत नाही, उलट मातीतले क्षार तेवढे वाढतात.

दुपारचा कोरडा वारा

हिवाळ्याच्या दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता ३०-३५ टक्क्यांवर येते आणि फेब्रुवारीत त्याहून खाली जाते. कॅलाथिया आणि फिटोनियाला ६० टक्क्यांच्या पुढची हवा मानवते. वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून कोरडा वाहतो, म्हणून त्या बाजूला बाल्कनीच्या कठड्याला दुहेरी जाळी किंवा बांबूची चटई बांधणे हा पहिला उपाय. दिवसा छताचा पंखा चालतो त्या खोलीत ही झाडे पंख्याच्या थेट खाली नसावीत, ही दुसरी काळजी.

पानांवर पाणी फवारण्यावर लोकांचा फार विश्वास आहे, पण त्याने वाढलेला दमटपणा काही मिनिटांत उडून जातो आणि उशिरा फवारलेले पाणी रात्री पानांवर राहून बुरशी पोसते. त्यापेक्षा झाडे एकमेकांजवळ दाटीने ठेवावीत. ती आपल्याच श्वासाने एकमेकांभोवतीची हवा ओलसर राखतात. पसरट परातीत खडी घालून त्यात पाणी भरावे आणि कुंडी खडीवर, पाण्याला न टेकता ठेवावी. याचा परिणाम थोडा असतो, पण दाटीच्या जोडीला तो चांगला लागू पडतो. फिटोनिया किंवा लहान कॅलाथिया असेल तर वापरात नसलेली माशांची काचेची पेटी सर्वांत उत्तम. तळाशी ओली खडी, आत कुंड्या आणि वर दोन बोटे फट ठेवून काच. पेटी उजेडात असावी, उन्हात मुळीच नसावी. खिडकी असलेले न्हाणीघरही पुष्कळांना लाभते.

विश्रांती घेणारी झाडे

काही झाडे हिवाळ्यात मेल्याचे सोंग घेतात आणि त्यांना पाणी घालून जागे करण्याच्या खटाटोपात ती खरोखर मरतात. अडेनियम हे त्यातले ठळक नाव. पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानच्या कोरड्या भागातले हे झाड सोलापूरच्या उन्हात जसे फुलते तसे ते कोकणात फुलणार नाही, पण डिसेंबरात ते पाने पिवळी करून टाकू लागते. डाळिंबाचा बहर धरण्यासाठी बागेला ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अडेनियमलाही तसाच ताण द्यावा. पूर्ण पाने गळाली असतील तर तीन आठवड्यांतून एकदा थोडे पाणी, तेही दुपारी ऊन असताना, पुरे. बुडाचा फुगीर भाग अंगठ्याने दाबून पाहावा. तो टणक असेल तर झाड ठीक आहे. किंचित सुरकुतला पण घट्ट असेल तर त्याला तहान लागली आहे, आणि मऊ पडून बोट आत रुतत असेल तर कुज सुरू झाली आहे. काही अडेनियम ऊन भरपूर असल्यास हिवाळाभर पाने राखतात. त्यांना माती पूर्ण वाळल्यावर पाणी द्यावे.

कॅलेडियमची रंगीत पाने नोव्हेंबरात माना टाकतात. पाणी हळूहळू बंद करावे, पाने पूर्ण वाळू द्यावीत, मग कंद उकरून माती झटकावी, दोन-तीन दिवस सावलीत सुकवावे आणि कोरड्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये, कागदी खोक्यात, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीसारख्या उबदार जागी ठेवावे. तापमान १५ अंशांखाली जाता कामा नये आणि खोके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये. अलोकेशियाचीही पाने एकामागून एक जातात आणि कधी एकही उरत नाही, पण मातीखालचा कंद टणक असेल तर कुंडी फेकू नये; ती अगदी माफक ओलीवर, उबेत ठेवून द्यावी.

पॉइन्सेटियाचे गणित निराळे आहे. मेक्सिकोतल्या या झाडाची वरची पाने लाल होण्यासाठी ऑक्टोबरपासून रोज बारा-तेरा तासांची अखंड काळोखी रात्र लागते. आपल्याकडे हिवाळ्यात रात्र तेवढी लांब असतेच. रंग चढत नसेल तर बाल्कनीतला दिवा किंवा रस्त्यावरचा खांब त्यास कारण आहे असे समजून कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवावी. फॅलेनॉप्सिस ऑर्किडला मात्र सौम्य गारवा हवाच असतो. रात्री १६-१८ अंशांपर्यंत उतरणाऱ्या जागेत काही आठवडे काढले की त्याला फुलांचा दांडा फुटतो, म्हणून त्याला घराच्या सर्वांत उबदार कोपऱ्यात कोंडून ठेवू नये.

कीड आणि कूज

कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो. पानाचा वरचा भाग बारीक ठिपक्यांनी फिका पडतो आणि खालच्या बाजूला अगदी झिरझिरीत जाळी दिसते. पांढरा कागद पानाखाली धरून पान टिचकीने झटकावे. कागदावर पडलेले धुळीचे कण काही क्षणांनी चालू लागले तर शंका उरत नाही. झाड लगेच इतरांपासून दूर न्यावे, सकाळी उन्हाच्या वेळी पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने पुसावीत आणि एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व काही थेंब सौम्य द्रव साबण मिसळून, आधी एका पानावर चाचणी घेऊन, आठवड्याच्या अंतराने फवारावे. ही फवारणी उन्हात करू नये आणि रात्रीपूर्वी पाने सुकतील अशी वेळ निवडावी. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत कापसासारखा बसतो. तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपणे हाच खात्रीचा उपाय आहे.

माती ओली असूनही झाड मलूल दिसत असेल आणि कुंडीला आंबूस वास येत असेल तर थंडीत मुळे उघडू नयेत हा नियम मोडावा लागतो. दुपारच्या उबेत झाड काढून मुळे धुवावीत, तपकिरी आणि चोळताच सालीसारखी सुटणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत, पांढरी व टणक मुळे ठेवावीत. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ते तीन ग्रॅम या प्रमाणात, हातमोजे घालून, पाण्यात मिसळावे आणि त्यात मुळे बुडवून काढावीत. मग मुळांच्या मापाच्या लहान कुंडीत, जवळजवळ कोरड्या कोकोपीट-वाळूच्या मिश्रणात झाड बसवून ते सावलीत, उबदार जागी ठेवावे. पानांचा भार मुळांच्या मानाने जास्त वाटल्यास खालची पाने काढून टाकावीत. खोडच मऊ झाले असेल तर वरचा निरोगी शेंडा कापून घेणे एवढेच हाती राहते. अ‍ॅग्लोनेमा आणि डिफेनबेकियाचे शेंडे उबेत सहज मुळे धरतात. डिफेनबेकियाचा चीक त्वचेला आणि तोंडाला दाहक असतो, तेव्हा हे काम मुलांपासून दूर करावे.

फेब्रुवारीची घाई

सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उलगडली की थंडी ओसरू लागते आणि इथे वसंत म्हणावा असा काळ फार थोडा मिळतो. फेब्रुवारीच्या मध्यात दुपार तापते आणि होळीपर्यंत उन्हाळा अंगावर येतो. मधल्या तीन-चार आठवड्यांत कामे उरकावी लागतात. पहाटेचा आकडा सलग आठवडाभर १६-१७ च्या वर राहिला की पाणी थोडे वाढवावे, नवा फुटवा दिसल्यावर निम्म्या मात्रेत खत सुरू करावे आणि मिश्रण बदलायचे राहिलेल्या कुंड्या महिनाअखेरीच्या आत बदलाव्यात. खोलीत राहिलेली झाडे एकदम गच्चीवर नेऊ नयेत. आधी आठवडाभर सकाळच्या उन्हात, मग जाळीखाली, अशी सवय लावावी, कारण मार्चचे ऊन घरात कोवळी झालेली पाने एका दुपारीत जाळते.

अडेनियमची छाटणी आणि कुंडी बदलणे याच दिवसांत करावे. मुळे कापली असतील तर जखमा सुकण्यासाठी झाड तीन-चार दिवस सावलीत उघडे ठेवून मग लावावे आणि पहिले पाणी आठवड्याने द्यावे. कॅलेडियमचे कंद मात्र आणखी थांबू शकतात. मार्चमध्ये लावलेल्या कंदांना कोवळी पाने फुटतात ती नेमकी एप्रिल-मेच्या झळांत, म्हणून जाळी आणि दमट कोपरा नसेल त्यांनी ते खोक्यातच राहू द्यावेत, महिन्यातून एकदा मऊ पडलेले कंद निवडून टाकावेत आणि मृगाच्या तोंडावर, डोळा वर ठेवून, चार-पाच सेंटिमीटर खोल लावावेत.